पडत्या संघाचं तिकीट

सांगलीच्या विश्रामबागेत आमचं सिमेंटचं एक बास्केटबॉल कोर्ट आहे. संध्याकाळी साडेपाचला तिथं शाळकरी मुली जमतात, मी त्यांना शिकवते. त्यातल्या बऱ्याच जणी सकाळी फोनवर एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने बघून येतात, कारण तिकडची रात्र ती आपली सकाळ. परवा आठवीतल्या एकीनं बुटाची लेस बांधता बांधता विचारलं, "ताई, ती टीम सारखी हरतीय, तरी एवढी माणसं तिकीट काढून कशाला येत्यात?"

"प्रेम असतं गं त्यांचं," असं म्हणून मी शिट्टी वाजवली आणि सराव सुरू केला. घरी येताना मात्र वाटलं, हे उत्तर अर्धंच झालं. प्रेम असतंच, पण त्या प्रेमाला दर लावणारे लोक असतात, दर पाडणारेही असतात आणि हरण्यातून पैसा उभा करणारी एक व्यवस्थाही असते. तिला जे सांगायचं राहिलं ते इथं लिहिते.

तिकिटापासून सुरुवात करू. मंडईत सकाळी ताठ्यात विकली जाणारी कोथिंबीर संध्याकाळी दहा रुपयांना दोन पेंढ्या अशी का मिळते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. उद्या ती सुकणार असते. स्टेडियममधली खुर्ची कोथिंबिरीपेक्षाही नाशवंत. सामना सुरू झाला की त्या संध्याकाळच्या रिकाम्या खुर्चीचं मोल शून्य. ती उद्यासाठी फ्रीजमध्ये ठेवता येत नाही. तासगावच्या वडापवाल्याला विचारा. शेवटच्या सीटसाठी तो दोन मिनिटं जास्त ओरडेल, पाच रुपये कमी घेईल, पण रिकामी सीट घेऊन निघणं त्याच्या जिवावर येतं. डिझेल तर तेवढंच जळणार असतं.

एनबीएत ३० संघ आहेत. मुख्य हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, त्यातले ४१ घरच्या मैदानावर. म्हणजे सतरा-अठरा हजार खुर्च्यांची एक गाडी वर्षात ४१ वेळा भरायची. संघ जिंकत असेल तर गाडी आपोआप भरते. हरत असेल तर जानेवारीतल्या थंडीतल्या मंगळवारी, दिवसभर राबून दमलेल्या माणसाला घराबाहेर काढायचं असतं.

मग दर सरळ पाडून का टाकत नाहीत? इथं पासवाला आडवा येतो. एसटीचा मासिक पास असतो तसा तिकडं पूर्ण हंगामाचा पास असतो. उन्हाळ्यातच, संघ कसा खेळेल हे कळायच्या आत, तो माणूस ४१ सामन्यांचे पैसे भरून मोकळा होतो. हा संघाचा सगळ्यात पक्का आधार. आता समजा, सामन्याच्या दिवशी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कुणी पाचव्या हिश्श्यात येऊन बसलं आणि बोलता बोलता दर सांगून गेलं. त्या पासवाल्याच्या पोटात काय कालवेल? पुढच्या वर्षी तो म्हणेल, मीही आयत्या वेळीच घेतो की. असे चार-पाच हजार पासवाले म्हणाले तर मालकाच्या पायाखालची वाळू सरकेल.

म्हणून खिडकीवरचा दर संघ शक्यतो चढाच ठेवतो आणि स्वस्ताई मागच्या दारानं सोडतो. शाळेच्या गटाला सवलत, विद्यार्थ्यांना वेगळा दर, चार तिकिटांबरोबर खाणं फुकट, असल्या योजना येतात. खरी पडझड होते ती पुनर्विक्रीत. २००० मध्ये सुरू झालेल्या स्टबहबसारख्या सेवांवर पासवालाच आपलं नको असलेलं तिकीट विकायला ठेवतो. मुलाला ताप आला, ऑफिसला थांबावं लागलं, किंवा नुसताच कंटाळा आला, तर जे हाती लागेल ते खरं. मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो तेव्हा शेतकऱ्याच्या मनातला भाव एक आणि पुकारलेला भाव दुसरा असतो. इथंही तसंच. तिकिटावर छापलेला दर मालकाच्या मनातला, आणि फोनवर दिसतो तो त्या दिवसाचा सौदा.

एकाच खुर्चीचा दर रोज वेगळा ठेवायची पद्धत खुद्द संघांनीही उचलली. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघानं २००९ मध्ये काही खुर्च्यांवर ती करून पाहिली आणि पुढच्या वर्षी सगळ्या मैदानाला लावली. बास्केटबॉलमध्येही ती आली. त्यामुळं तळाच्या संघाचं तिकीट रोजच स्वस्त असतं असं नाही. लॉस एंजेलिस लेकर्ससारखा नावाजलेला संघ गावात आला की त्याच पडत्या संघाच्या त्याच खुर्चीला सोन्याचा भाव येतो आणि अर्धं स्टेडियम पाहुण्यांच्या रंगाचे शर्ट घालून बसतं. घरच्या निष्ठावंताला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. आपल्याच अंगणात आपण पाहुणे.

माझा भाचा सॅक्रामेंटोजवळ नोकरी करतो. तिथला संघ सॅक्रामेंटो किंग्ज. पहिल्यांदा सामना बघून आला तेव्हा फोनवर म्हणाला, "मावशी, तिकिटापेक्षा गाडी लावायलाच जास्त पैसे गेले." त्यातच उत्तर आहे. माणूस एकदा आत आला की पार्किंग, खाणं, पेय, मुलाला टोपी, सगळीकडून पैसा सुटतो. स्वस्त तिकीट म्हणजे दुकानाचं उघडं दार. फिनिक्स सन्सनं २०२४ च्या डिसेंबरात याच्या उलट चाल केली आणि हॉट डॉग, पॉपकॉर्न, पाणी असे मोजके पदार्थ दोन-दोन डॉलरला ठेवले. चार जणांचं कुटुंब घेऊन जाणाऱ्याला तिकिटातल्या सवलतीपेक्षा ही जास्त कळते, असं मला वाटतं. पोरं मैदानात भूक लागली म्हणतातच.

आता मुलीच्या प्रश्नाची दुसरी बाजू. एवढं हरून संघ बुडत कसा नाही?

पहिलं कारण टीव्ही. एनबीएचा २०२५-२६ च्या हंगामापासूनचा करार डिस्ने, एनबीसीयुनिव्हर्सल आणि अॅमेझॉन यांच्याशी आहे, ११ वर्षांचा, सुमारे ७,६०० कोटी डॉलरचा. हा देशपातळीवरचा पैसा संघांत सारखा वाटला जातो. साधा भागाकार केला तर एका संघाच्या वाट्याला वर्षाला सरासरी २३ कोटी डॉलरच्या आसपास येतात. पहिला आलेला आणि शेवटचा आलेला, दोघांनाही तेवढेच. खेळाडूंचे पगार यातून जातात, तरी खिडकीवर शुकशुकाट झाला म्हणून चूल विझत नाही. दुसरं कारण, ही स्पर्धा बंदिस्त आहे. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या गटात ढकलले जातात. इथं ढकलणं नाही. शेवटून पहिला आलेला संघही पुढच्या वर्षी त्याच पंगतीत त्याच पाटावर.

आणि तिसरं कारण ऐकून माझ्या मुली अवाक झाल्या होत्या. हरणाऱ्याला बक्षीस मिळतं. कॉलेजमधून आणि परदेशातून येणारे नवे खेळाडू दरवर्षी ड्राफ्टमध्ये वाटले जातात. दुबळ्या संघाला आधी निवड मिळावी, म्हणजे सगळे तुल्यबळ राहतील, असा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण मग मुद्दाम हरण्याचा मोह होतो. म्हणून १९८५ पासून पहिल्या निवडीसाठी चिठ्ठ्या काढतात, आणि २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखीच, म्हणजे १४ टक्के संधी ठेवली गेली.

फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सनी हा मोह उघडपणे धोरण म्हणून राबवला. २०१३-१४ पासूनच्या तीन हंगामांत त्यांचे विजय १९, १८ आणि १०. दर वर्षी ८२ सामन्यांत! चांगले खेळाडू देऊन टाकायचे, भविष्यातल्या निवडी गोळा करायच्या. प्रेक्षकांनी यालाही घोषणा केली, 'प्रक्रियेवर विश्वास ठेवा.' त्यातून २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जोएल एम्बीड मिळाला आणि २०२३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण ज्या अजिंक्यपदासाठी सगळं सोसलं ते त्या दशकात आलं नाही. डेट्रॉइट पिस्टन्सची गत आणखी वाईट. २०२३-२४ मध्ये ते सलग २८ सामने हरले. एका हंगामातला तो विक्रमच. ३० डिसेंबर २०२३ ला टोरंटोविरुद्ध जिंकले तेव्हा लोकांनी अजिंक्यपद मिळाल्यासारखा जल्लोष केला. हंगाम संपला १४ विजय आणि ६८ पराभवांवर, लीगमध्ये सगळ्यात तळाला, आणि चिठ्ठी निघाली तर निवड मिळाली पाचवी. त्या पडत्या महिन्यांत डेट्रॉइटचे प्रेक्षक मैदानात बसूनच मालकाला 'संघ विका' असं ओरडत होते. मला ही माणसं मोलाची वाटतात. खुर्चीचे पैसे भरून येतात, शेवटपर्यंत बसतात आणि तोंडावर खरं सांगतात. घरातलंच माणूस असं बोलू शकतं. पुढच्याच हंगामात त्या संघानं ४४ सामने जिंकले.

पण सगळेच प्रेक्षक असे नसतात. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर १९७६ मध्ये अमेरिकन विद्यापीठांत एक साधी नोंद केली. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त दिसत. आणि सामन्याबद्दल विचारलं तर जिंकल्यावर मुलं 'आपण जिंकलो' म्हणत, हरल्यावर 'ते हरले.' आपल्याकडंही जिंकली तर आपली पोरं आणि हरली तर ती पोरं, हे घराघरात ऐकू येतं. स्वतःची शान वाढवायला दुसऱ्याचा विजय अंगाला लावणं ही माणसाची सहज खोड आहे. त्यामुळं पडत्या काळातही 'आपण हरलो' म्हणणारा जो राहतो, त्याचं काय चाललेलं असतं, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर मला सॅक्रामेंटोत सापडलं. हे गाव म्हणजे कॅलिफोर्नियाची राजधानी, पण भोवती सगळी शेती, टोमॅटो आणि भात. सांगलीच्या माणसाला लगेच ओळखीचं वाटावं असं. किंग्ज तिथं १९८५ मध्ये कॅन्सस सिटीहून आले आणि आल्यापासून हरतच राहिले. सॅक्रामेंटोत त्यांचा पहिला, विजय जास्त आणि पराभव कमी असा हंगाम उजाडला तो १९९८-९९ मध्ये. तरी सुरुवातीच्या वर्षांत जवळपास पाचशे सामने सलग, स्टेडियम खचाखच भरलेलं. १९९०-९१ चा हिशेब तर मी मुलींना फळ्यावर लिहून दाखवला. बाहेरच्या ४१ सामन्यांत विजय फक्त १. घरच्या ४१ सामन्यांत विजय २४. खेळाडू तेच, प्रशिक्षक तोच. प्रवासाचा शीण वगैरे धरला तरी एवढा फरक? गर्दी खेळते म्हणतात ते हेच.

२००० च्या सुमारास लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी या गावाला गुराढोरांचं, अर्धवट सुधारलेलं गाव अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. गाव चिडलं, पण चिडून काय केलं? पुढच्या सामन्यांना लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन आले आणि लेकर्सच्या बाकामागं बसून वाजवल्या. बेंदराला बैलाच्या गळ्यात जी घंटा आपण हौसेनं बांधतो, ती तिथं अस्मितेची खूण झाली. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. हिणवायला वापरलेली वस्तूच त्यांनी मिरवायला घेतली.

मग पुन्हा घसरण. २००६-०७ पासून सलग १६ हंगाम किंग्जना बाद फेरी दिसली नाही. एनबीएच्या इतिहासात एवढा दुष्काळ दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला नाही. त्यातच २०१३ मध्ये जुन्या मालकांनी संघ सिअॅटलच्या गटाला विकायचं ठरवलं. सिअॅटलला संघ हवाच होता, कारण त्यांचा सुपरसॉनिक्स ४१ वर्षांनी, २००८ मध्ये, उचलून ओक्लाहोमा सिटीला नेला गेला होता. एका गावाची जखम भरायला दुसऱ्या गावाला जखम. सॅक्रामेंटोचे महापौर केव्हिन जॉन्सन स्वतः एनबीएत खेळलेले. ते नवा खरेदीदार शोधत फिरले आणि इकडं लोकांनी पुढच्या हंगामाचे पास घेऊ असे शब्द गोळा केले. त्या वर्षी संघ २८ जिंकून ५४ हरला होता. अशा संघासाठी पासाचा शब्द! मे २०१३ मध्ये लीगच्या संघमालकांनी स्थलांतराविरुद्ध २२ विरुद्ध ८ असं मत दिलं आणि संघ राहिला. विकत घेणाऱ्या गटाचे प्रमुख होते मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. किंमत ठरली ५३ कोटी ४० लाख डॉलर.

मात्र याचं बिल कुणी भरलं, हेही बघावं लागतं. संघ टिकवायचा तर नवं स्टेडियम हवं होतं, आणि २०१६ मध्ये उघडलेल्या त्या स्टेडियमसाठी शहरानं सुमारे २५ कोटी डॉलर घातले. म्हणजे निष्ठावंत माणूस तिकिटात वाचवतो ते नागरिक म्हणून मोजतो. स्वस्त तिकिटाची खुशी साजरी करताना हे सहसा कुणी बोलत नाही.

या सगळ्यातून निष्ठेबद्दल मला जे उमगलं ते असं. निष्ठा हा विजयाचा मोबदला नाही, ती सवयीनं आणि ठिकाणानं बनते. बाबांबरोबर बसलेली खुर्ची, शेजारी वीस वर्षं बसणारं तेच जोडपं, घरी परततानाचा तोच रस्ता. आणि सवय लागायला आधी दारात पाऊल पडावं लागतं. पडत्या काळातल्या स्वस्त तिकिटाचं खरं काम हेच. एरवी ज्या घराला मुलांना कधीच नेता आलं नसतं ते घर आत येतं. २००५ साली बाबांच्या खांद्यावर बसलेलं पोर २०२५ ला स्वतःच्या कमाईनं पास घेतं.

पण दर अगदीच मातीमोल केला तर ती सवयही लागत नाही. आपण नाट्यपंढरीतली माणसं, म्हणून नाट्यगृहातलाच एक प्रयोग सांगते. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी तो १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाच्या खिडकीवर हंगामाचा पास घ्यायला आलेल्यांपैकी काहींना त्यांनी पूर्ण, म्हणजे १५ डॉलर दर लावला, काहींना १३, काहींना ८. कुणाला काय मिळेल हे केवळ योगायोगावर. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण दर भरलेले लोक सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना आले. पैसे गेलेत तर वसूल करू, ही ती भावना. अर्थशास्त्र सांगतं, गेलेला पैसा विसरा. माणूस विसरत नाही. फुकटात वाटलेली तिकिटं म्हणूनच ड्रॉवरमध्ये पडून राहतात. दर असा हवा की घरखर्च बिघडू नये, पण निघताना पाऊस आला तर जीव हळहळावा.

किंग्जचा दुष्काळ २०२२-२३ ला संपला. ४८ विजय मिळाले, आणि प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या माथ्यावरून आकाशात जांभळा झोत सोडायचा प्रघात पडला. बाद फेरीच्या पहिल्या लढतीत गोल्डन स्टेट वॉरियर्सनी त्यांना सात सामन्यांत हरवलं, पण गाव रस्त्यावर होतं.

आणि त्याच वॉरियर्सची गोष्ट या सगळ्याची दुसरी बाजू दाखवते. १९९४-९५ ते २००५-०६ अशी १२ वर्षं त्यांनीही बाद फेरी बघितली नव्हती. तेव्हा संघ ओकलंडला खेळायचा. तिथल्या कामगार वस्त्यांतली माणसं स्वस्तात येऊन घसा बसेपर्यंत ओरडत. २००९ मध्ये स्टीफन करी हा खेळाडू आला, २०१५, २०१७ आणि २०१८ ला अजिंक्यपदं आली, आणि २०१९ मध्ये संघ खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या स्टेडियममध्ये गेला. तिथं हंगामाचा पास हवा तर आधी सदस्यत्वाची वेगळी रक्कम भरायची. ती परत मिळणार ३० वर्षांनी, बिनव्याजी. सोप्या मराठीत, संघानं आपल्याच प्रेक्षकांकडून बिनव्याजी ठेव घेतली. ओकलंडच्या ज्या माणसानं बारा वर्षं पराभव पाहिले, त्यानं साठीत एवढी रक्कम कुठून आणायची आणि ती परत घ्यायला नव्वदीपर्यंत कसं थांबायचं?

मला यात सरळ अन्याय दिसतो. पडत्या काळातलं स्वस्त तिकीट हे उपकार नव्हेत. तो त्या दिवसाचा खरा भाव होता. उपकार असलेच तर ते येणाऱ्याचे. संघ सलग हरत असताना जो प्रेक्षक पास टिकवतो, त्याला जिंकत्या वर्षांत ठरावीक काळ जुनाच दर मिळावा, असा नियम संघांनी स्वतःवर घालून घ्यायला हवा. हिशेबानंही ते परवडेल. टीव्हीचा वाटा वर सांगितलाच आहे.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर जवळ या. कुंडलच्या कुस्ती मैदानाला लोटणाऱ्या गर्दीत किती माणसं आपल्या तालमीच्या पैलवानासाठी येतात बघा. चितपट झाला तरी खांद्यावर हात टाकून आखाड्याबाहेर आणतात. सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकांनी गोळा केलेल्या पैशांच्या आधारावर, आणि कांस्यपदक घेऊन आले. लोकांनी पैसे आधी दिले, पदक नंतर आलं. पुणेरी पलटण प्रो कबड्डीच्या पहिल्या दोन हंगामांत तळाला होती, दहाव्या हंगामात अजिंक्य झाली. बालेवाडीला जे पहिल्या वर्षी गेले होते, त्यांना त्या रात्री काय वाटलं असेल हे नव्यानं आलेल्याला कळणं अवघड.

एवढं सगळं दोन-तीन संध्याकाळी सरावानंतर कट्ट्यावर बसून सांगितलं. मुलगी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ताई, मग मी पण किंग्जचीच." मी म्हटलं, "हरतात गं ते पुष्कळ." तर म्हणाली, "माहितीय की."

आता शनिवारी रात्री किंग्जचा घरचा सामना असला की इकडं रविवारी सकाळी साडेआठला ती आजीच्या फोनसमोर बसते. घरी म्हैस आहे, तिच्या गळ्यातली जुनी घंटा आजीनं तिला काढून दिली आहे. शेजारचे अजून झोपलेले असतात म्हणून ती वाजवायची परवानगी फक्त शेवटच्या दोन मिनिटांत.